बरे वाटते म्हणून गोळी सोडू नका

रक्ताचा एक कॅन्सर, त्याची रोजची गोळी आणि ती बंद केल्यावर काय होते

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वस्तीतली एक बाई आमच्या दारात आली. हातात नवऱ्याच्या रक्ततपासणीचा कागद होता. "सिस्टर, बघा ना, पुन्हा वाढल्यात." कागदावर पांढऱ्या पेशींचा आकडा होता ९४ हजार. निरोगी माणसात तो साधारण ४ ते ११ हजारांच्या दरम्यान असतो.

नवरा रिक्षा चालवतो. वय ३८. दोन वर्षांपूर्वी त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. त्याचे नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, डॉक्टर थोडक्यात सीएमएल म्हणतात. तेव्हा घरात रडारड झाली होती. पण त्याला इमॅटिनिब नावाची गोळी सुरू झाली आणि दोन महिन्यांत आकडा जागेवर आला. पोटाचा फुगारा उतरला, भूक लागू लागली, रिक्षा पुन्हा स्टँडवर उभी राहिली. मग एक दिवस त्याने गोळी बंद केली. बायकोला सांगितले नाही, डॉक्टरांनाही नाही. असे चार महिने गेले.

आम्ही त्याला विचारले, का रे बाबा? तो म्हणाला, "सिस्टर, मला काही होतच नव्हतं. रिपोर्ट चांगला, अंगात ताकद. मग रोज गोळी कशाला?"

या माणसावर रागावून उपयोग नाही. त्याचा प्रश्न बरोबर आहे. ताप उतरला की आपण तापाची गोळी थांबवतो. खोकला गेला की औषधाची बाटली बाजूला ठेवतो. मग हीच गोळी का थांबवायची नाही? औषधाच्या पाकिटावर याचे उत्तर छापलेले नसते, आणि ओपीडीच्या गर्दीत ते समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो. म्हणून या महिन्याचे आरोग्याचे पान आम्ही याच एका प्रश्नाला दिले आहे.

पेशी बिघडते म्हणजे काय

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. कोणत्या पेशीने कधी वाढायचे, कधी थांबायचे आणि कधी मरायचे, याच्या सूचना पेशीच्या आतच लिहिलेल्या असतात. त्या सूचनांना जनुके म्हणतात. ही जनुके ४६ गुणसूत्रांवर ओळीने मांडलेली असतात. २३ गुणसूत्रे आईकडून आलेली, २३ वडिलांकडून.

पेशी दुभंगताना या सर्व सूचनांची नक्कल होते. नक्कल करताना कधी चूक होते. बहुतेक चुका शरीर स्वतः दुरुस्त करते किंवा ती बिघडलेली पेशी मरून जाते. पण एखादी चूक नेमकी 'वाढ' आणि 'थांब' या सूचनांमध्ये झाली, तर ती पेशी कोणाचे ऐकत नाही. ती वाढत राहते, तिच्या लेकी-नाती वाढत राहतात. यालाच कॅन्सर म्हणतात. तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयाच्या मुखाचा, रक्ताचा असे त्याचे अनेक प्रकार आहेत. प्रत्येकातल्या चुका वेगळ्या, म्हणून औषधेही वेगळी. शेजारच्या बाईला जे औषध दिले ते आपल्या माणसाला का देत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

रक्ताच्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होतात. सीएमएलमध्ये तिथल्या एका मूळ पेशीत चूक होते आणि ती पांढऱ्या पेशींचा नुसता सपाटा लावते. ही चूक जन्मानंतर कधीतरी घडलेली असते. ती आईबापाकडून आलेली नसते आणि मुलांकडे जात नाही. ती स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एकत्र झोपल्याने होत नाही. खूप मोठ्या प्रमाणात किरणोत्सर्ग अंगावर आलेल्या लोकांत हा आजार वाढलेला दिसला आहे. त्यापलीकडे बहुतेक रुग्णांत कारण सापडत नाही. कोणाच्या पापाचा, शापाचा किंवा करणीचा तर संबंधच नाही. अंगाऱ्यात घालवलेला प्रत्येक महिना आजाराला फुकट मिळतो, एवढे मात्र खरे.

दोन गुणसूत्रांची अदलाबदल

ही चूक नेमकी कोणती, हे शोधायला माणसांना अनेक वर्षे लागली. १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोघांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. त्या शहरावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र असे नाव पडले. कॅन्सरच्या मागे गुणसूत्रातला एक ठरावीक बिघाड असू शकतो, हे तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले.

तो तुकडा गेला कुठे, हे १९७३ मध्ये शिकागोच्या डॉ. जॅनेट रावली यांनी दाखवले. तो हरवलेला नव्हता. ९ क्रमांकाच्या आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे टोकाकडचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी चिकटले होते. दोन पुस्तकांची पाने फाटून एकमेकांत शिवली जावीत, तसे.

या चुकीच्या शिवणीवर दोन अर्धी जनुके जोडली जातात. एकाचे नाव बीसीआर, दुसऱ्याचे एबीएल. दोन्ही मिळून शरीरात कधी नसलेले एक नवे प्रथिन तयार करतात. साधे एबीएल प्रथिन गरजेप्रमाणे चालू-बंद होते. हे जोडप्रथिन मात्र बंदच होत नाही. ते पेशीतल्या एटीपी या ऊर्जेच्या रसायनातून फॉस्फेटचा एक कण उचलते आणि दुसऱ्या प्रथिनांना चिकटवते. तो कण चिकटला की पुढच्या प्रथिनाला हुकूम मिळतो, 'वाढा'. रात्रंदिवस हाच हुकूम.

आपल्या गल्लीतल्या नळाची चावी तुटली की पाणी वाहत राहते, तसेच हे आहे. नळ चांगला असता तर भांडे भरल्यावर बंद केला असता. इथे बंद करायला चावीच उरलेली नाही.

आधीची औषधे काय करत होती

कॅन्सरवरच्या औषधांची सुरुवात १९४० च्या दशकात झाली. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या लहान मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले आणि काही मुलांत आजार काही काळ मागे हटला. १९४८ मध्ये त्यांनी तो अनुभव प्रसिद्ध केला. ते औषध ज्या प्रयोगशाळेने तयार केले, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून अमेरिकेत गेलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच घराण्यातले मेथोट्रेक्सेट हे औषध आजही वापरात आहे.

या औषधांना आपण 'केमो' म्हणतो. त्यातली बरीचशी औषधे भराभर दुभंगणाऱ्या पेशींना गाठतात. कॅन्सरच्या पेशी भराभर दुभंगतात, म्हणून त्या मरतात. पण केसांची मुळे, तोंडातली आणि आतड्यातली त्वचा, अस्थिमज्जा यांतल्या चांगल्या पेशीही भराभर दुभंगतात. म्हणून केस गळतात, तोंड येते, उलट्या होतात, रक्त कमी होते. औषध चुकले म्हणून हे होत नाही. औषध पोहोचल्याची ती दुसरी बाजू आहे. अनेक कॅन्सरमध्ये आजही केमोच जीव वाचवते, म्हणून तिला घाबरून पळू नका.

सीएमएलमध्ये मात्र तेव्हाची औषधे फार पुढे नेत नव्हती. बुसल्फान आणि हायड्रॉक्सियुरिया पेशींचा आकडा खाली आणत, पण आजार आतून पुढे सरकत राही. नंतर इंटरफेरॉनची इंजेक्शने आली. त्यांनी काहींना फायदा झाला, पण अंगदुखी आणि ताप यांनी माणूस बेजार होई. अस्थिमज्जा बदलणे हा एक उपाय होता, पण त्याला जुळणारा दाता, मोठा खर्च आणि जीवाचा धोका. बाकीच्यांच्या हातात साधारण तीन ते पाच वर्षे असत.

नळाचे बूच

१९९० च्या दशकात औषध शोधणाऱ्यांनी वेगळा विचार केला. बिघाड एकाच प्रथिनात आहे हे कळले आहे, तर सगळ्याच पेशींवर हल्ला कशाला? तेवढेच प्रथिन बंद करू. स्वित्झर्लंडमधील एका कंपनीत निकोलस लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रसायने तयार केली. अमेरिकेतल्या ऑरेगनमधील डॉ. ब्रायन ड्रकर यांनी ती सीएमएलच्या पेशींवर तपासली. त्यातून इमॅटिनिब निवडले गेले.

जोडप्रथिनात एटीपी येऊन बसण्याची एक खाच आहे. इमॅटिनिब जाऊन बरोबर त्या खाचेत बसते. एटीपीला जागा मिळत नाही, फॉस्फेट उचलता येत नाही, हुकूम थांबतो. हुकूम थांबला की त्या पेशी वाढत नाहीत आणि मरू लागतात. हे औषध काही थोड्या इतर प्रथिनांवरही काम करते. पोट-आतड्याच्या जीआयएसटी नावाच्या गाठीत म्हणूनच तीच गोळी देतात.

माणसांवरचा पहिला अभ्यास १९९८ मध्ये सुरू झाला. दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस घेतलेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त तपासणीत पूर्ववत झाले. मे २००१ मध्ये अमेरिकेने या औषधाला मंजुरी दिली. पुढे मोठ्या अभ्यासात इमॅटिनिबने सुरुवात केलेल्यांपैकी दहा वर्षांनंतर १०० पैकी सुमारे ८३ जण जिवंत होते. आधी तीन ते पाच वर्षे मिळत, तिथे हा आकडा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इमॅटिनिब काय करत नाही, हे लक्षात घ्या. ते फाटलेली गुणसूत्रे पुन्हा शिवत नाही. तुटलेली चावी दुरुस्त करत नाही. ते नळाला बूच लावते, एवढेच. आणि हे बूच विरघळणारे आहे. गोळी घेतल्यावर साधारण १८ तासांत रक्तातले औषध निम्म्यावर येते. म्हणून रोज नवे बूच लावावे लागते. चार दिवस लावले नाही तर नळ पुन्हा वाहतो.

बरे वाटणे आणि आजार जाणे

आमच्या रिक्षावाल्या भावाचा आकडा दोन महिन्यांत जागेवर आला, तेव्हा त्याला वाटले आजार गेला. साध्या रक्ततपासणीत, म्हणजे सीबीसीमध्ये, सगळे ठीक दिसते तेव्हाही शरीरात सीएमएलच्या अब्जावधी पेशी शिल्लक असू शकतात. त्या सीबीसीच्या नजरेत येत नाहीत. अंगातही काही जाणवत नाही.

त्या मोजायला वेगळी तपासणी आहे. तिचे नाव बीसीआर-एबीएल पीसीआर. हातातून रक्त घेऊनच ती होते. उपचार सुरू झाल्यावर साधारण दर तीन महिन्यांनी ती करतात. औषध नीट लागू पडत असेल तर तीन महिन्यांनी हा आकडा १० टक्के किंवा त्याहून कमी, सहा महिन्यांनी १ टक्का किंवा कमी आणि वर्षाने ०.१ टक्का किंवा कमी यावा, अशी डॉक्टरांची अपेक्षा असते. आपल्या फायलीत हे आकडे तारखेसह लिहून ठेवा. 'रिपोर्ट चांगला आहे' असे कोणी म्हणाले तर विचारा, कोणता रिपोर्ट? सीबीसी की पीसीआर?

गोळ्या चुकवल्याने काय होते, याचा एक अभ्यास लंडनमध्ये झाला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक वर्षे इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणात एक छोटे यंत्र बसवले होते. झाकण केव्हा उघडले हे त्यात नोंदले जाई. ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या, त्यांच्यात आजार अगदी खोलवर दबण्याची शक्यता ९४.५ टक्के निघाली. ज्यांनी ९० टक्के किंवा कमी घेतल्या, त्यांच्यात २८.४ टक्के. ज्यांनी ८० टक्के किंवा कमी घेतल्या, त्यांच्यापैकी एकालाही ते साधले नव्हते.

९० टक्के म्हणजे किती? महिन्याच्या ३० गोळ्यांपैकी तीन चुकल्या की आपण ९० टक्क्यांवर येतो. एक लग्न, एक गावची फेरी, एक दिवस पाकीट संपले. तीन गोळ्या अशाच जातात.

आणखी एक धोका आहे. पेशींची वाढ जितकी मोकळी सुटते, तितक्या नव्या चुका होण्याची संधी वाढते. एखाद्या चुकीने प्रथिनाच्या त्या खाचेचा आकारच बदलतो. मग इमॅटिनिब तिथे बसत नाही. नियमित गोळी घेणाऱ्यातही हे कधी कधी घडते, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका. अशा वेळी डासाटिनिब, निलोटिनिब यांसारखी पुढची औषधे देतात. ती चांगली आहेत, पण पहिले दार हातातले असताना ते आपणच का बंद करावे? आणि आजार शेवटच्या अवस्थेत, म्हणजे ब्लास्ट अवस्थेत गेला, तर गोळीने आवरणे फार कठीण होते.

मग ही गोळी कधीच थांबत नाही का? काही जणांत थांबते. अनेक वर्षे गोळी घेऊन पीसीआरमध्ये दोन वर्षांहून जास्त काळ आजार सापडलाच नाही, अशा रुग्णांत फ्रान्समध्ये गोळी थांबवून पाहिली. १०० पैकी सुमारे ४० जणांत आजार परत आला नाही. बाकीच्यांत आला आणि गोळी पुन्हा सुरू करावी लागली. हे सगळे दर महिन्याच्या पीसीआरच्या पहाऱ्यात झाले. डॉक्टरांच्या नजरेखाली गोळी थांबवणे आणि घरी कोणाला न सांगता थांबवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

ही गोळी आपल्यापर्यंत कशी पोहोचली

आमच्या भावाने नंतर हळूच दुसरे कारणही सांगितले. "एवढी महाग गोळी, कुणाकडे हात पसरायचा?" गोळी आज तेवढी महाग नाही, पण त्याच्या डोक्यात जुना आकडा बसला होता. तो आकडा खोटा नव्हता. नोव्हार्टिस कंपनीची ग्लिवेक ही गोळी तेव्हा महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडे. भारतीय कंपन्यांची तीच औषधी गोळी आठ ते दहा हजारांत मिळे.

हा फरक कायद्यामुळे शक्य झाला. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषध बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळे, औषधाला स्वतःला नाही. त्यामुळे भारतीय कंपन्या वेगळ्या पद्धतीने तेच औषध स्वस्तात बनवू शकल्या. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून औषधालाही पेटंट देणे भाग पडले. पण संसदेने त्यात कलम ३(ड) घातले. आधीच माहीत असलेल्या औषधाचे नुसते नवे रूप काढले आणि त्याने गुण वाढला नाही, तर पेटंट मिळणार नाही, असा त्याचा अर्थ.

नोव्हार्टिसने इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपासाठी १९९८ मध्ये चेन्नईला अर्ज केला होता. त्याला भारतीय कंपन्यांनी विरोध केला आणि मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या रुग्णांच्या संस्थेनेही केला. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण वर चढत सर्वोच्च न्यायालयात गेले. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी निकाल दिला. औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोग बरा करण्याचा गुण, आणि तो या नव्या रूपाने वाढल्याचे सिद्ध झाले नाही. पेटंट नाकारले.

कंपनीची बाजूही सांगायला हवी. आपण भारतात हजारो रुग्णांना गोळी मोफत देतो, असे तिचे म्हणणे होते, आणि तशी मोफत योजना खरोखर होती. पण कोणाच्या देणगीवर मिळणारी गोळी आणि कायद्याने स्वस्त झालेली गोळी यांत फरक आहे. पहिली मागावी लागते, दुसरी हक्काने घेता येते. आज जेनेरिक इमॅटिनिब त्या वेळच्या आठ हजारांपेक्षाही पुष्कळ कमी किमतीत मिळते.

गोळी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवायचे

• गोळी रोज ठरलेल्या वेळी, जेवणासोबत आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्या. उपाशीपोटी घेतली तर मळमळते.

• एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. डॉक्टरांना सांगा.

• डोळ्यांभोवती सूज, मळमळ, जुलाब, पोटऱ्यांत गोळे येणे, अंगावर पुरळ, थकवा असे त्रास होऊ शकतात. बहुतेक आवरता येतात. धाप लागली, वजन एकदम वाढले, डोळे पिवळे झाले, ताप आला किंवा रक्तस्राव झाला तर लगेच दवाखाना गाठा.

• दुसरे कोणतेही औषध सुरू होत असेल तर 'मी इमॅटिनिब घेतो' हे आधी सांगा. टीबीच्या उपचारातील रिफाम्पिसिनमुळे आणि फिटच्या काही गोळ्यांमुळे रक्तातले इमॅटिनिब खूप कमी होते. आपल्या वस्त्यांत टीबी घरोघर आहे, म्हणून हे विशेष लक्षात ठेवा. झाडपाल्याची औषधेही न विचारता घेऊ नका.

• या गोळीने पोटातल्या बाळाला धोका असतो. बाईने गोळी चालू असताना गर्भनिरोधन वापरावे आणि अंगावर पाजू नये. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. दिवस गेल्याचे कळले तर लाजू नका, त्याच दिवशी सांगा.

• पाकिटात दहा गोळ्या उरल्या की पुढची सोय करा. शेवटच्या गोळीची वाट पाहू नका.

पैशाची सोय

मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कॅन्सर रुग्णांवर उपचार करत आहे. तिथे आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. खर्च झेपत नसेल तर तिथल्या समाजसेवकाला मोकळेपणाने सांगा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. सोबत शिधापत्रिका, आधारकार्ड आणि आजाराची सर्व कागदपत्रे न्या. बाहेरून गोळी घ्यायची वेळ आली तर जनऔषधी केंद्रात इमॅटिनिबची चौकशी करा. गोळी परवडत नाही म्हणून एक दिवसाआड घेणे किंवा अर्धी करून घेणे, हे मात्र कधीच करू नका. अडचण सांगितली तर मार्ग निघतो. लपवली तर निघत नाही.

कोणी तपासून घ्यावे

पाश्चात्त्य देशांत हा आजार साठीच्या आसपास जास्त दिसतो. आपल्याकडे तिशी-चाळिशीतले, घर चालवणारे लोकही त्याच्या तावडीत सापडतात. बरेच दिवस न जाणारा थकवा, कारण नसताना घटणारे वजन, रात्री दरदरून घाम, डाव्या बरगडीखाली जडपणा किंवा थोडे खाल्ले तरी पोट भरणे, ही लक्षणे लक्षात ठेवा. डावीकडचा जडपणा प्लीहा, म्हणजे पाणथरी, वाढल्याने येतो. यातले काही असेल तर एक सीबीसी करून घ्या. ही स्वस्त तपासणी आहे, आणि सीएमएल पुष्कळदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीबीसीत अचानक सापडतो. पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे कॅन्सरच असे नाही. साध्या संसर्गातही त्या वाढतात. म्हणून घाबरू नका, पण कागद घडी करून कपाटातही ठेवू नका.

आणि एक गैरसमज. ही 'कॅन्सरची गोळी' सगळ्या कॅन्सरला चालत नाही. तंबाखू-मिश्रीमुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये एकच प्रथिन बिघडलेले नसते. तिथे वेळेवर शस्त्रक्रिया लागते, गरजेप्रमाणे किरणोपचार आणि केमो लागतात. तिथे आपल्या हातात आहे ते म्हणजे तंबाखू सोडणे आणि तोंडातला न भरणारा चट्टा लवकर दाखवणे.

आमच्या रिक्षावाल्या भावाची गोष्ट अर्धी ठेवायला नको. दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही त्याच्याबरोबर रुग्णालयात गेलो. डॉक्टर रागावले, मग त्यांनी तपासण्या लिहून दिल्या. सुदैवाने आजार पहिल्याच अवस्थेत होता. गोळी पुन्हा सुरू झाली. सीबीसी आता जागेवर आहे. पीसीआरचा आकडा उतरतो आहे, पण पहिल्या वेळेपेक्षा हळू. पुढच्या तपासणीत तो पुरेसा खाली आला नाही तर औषध बदलावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे. ते चार महिने फुकट गेले नाहीत, त्यांची किंमत तो आता भरतो आहे.

त्याच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोचे कॅलेंडर आहे. रात्री जेवणानंतर गोळी गिळली की दहावीतली मुलगी त्या दिवसाच्या चौकोनात पेनाने टिचकी मारते. आम्ही गेलो की ती आधी कॅलेंडर दाखवते. मागच्या महिन्यात एकही चौकोन रिकामा नव्हता.

तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी अशी रोजची गोळी घेत असेल, तर आज संध्याकाळी त्याला एवढेच विचारा, "आजची झाली का?"